हेड उतरवण्याआधी: 1998 च्या मारुती 800 चं घरी केलेलं मोठं काम

गाडी 1998 ची मारुती 800, कार्ब्युरेटरवाली, सव्वा लाख किलोमीटर पळालेली. मालक आमचे दाजी, राहणार कोल्हापूर, पण रोज चालवते ती ताई. मे महिन्यात रत्नागिरीहून परत येताना साखरपा सोडल्यावर आंबा घाटाच्या चढावर गाडी तापली. दाजींनी सांगितलेला एक तपशील पुढे फार उपयोगी पडला. ते म्हणाले, "काटा लालपर्यंत गेला होता, पण मग आपोआप खाली आला. म्हटलं, उतरली गरमी." म्हणून ते थांबले नाहीत. आंबा गावाजवळ पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि गाडी बंद पडली.

काटा खाली आला याचा अर्थ इंजिन गार झालं असा नसतो. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरा आकडा दाखवतो. पाणी उकळून बाहेर गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. इंजिन त्या वेळी सगळ्यात जास्त तापलेलं असतं. चढावर वर गेलेला काटा ॲक्सिलरेटरवरचा पाय न काढता खाली आला, तर जागच्या जागी थांबायला हवं, हे प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला माहीत असणं गरजेचं आहे.

दाजींनी थोडा वेळ थांबून बाटलीतलं थंड पाणी रेडिएटरमध्ये ओतलं आणि सेल मारला. गाडी चालू झाली, पण मिसिंग (इंजिन अडखळत चालणं) इतकं, की पहिल्या गिअरमध्येसुद्धा पुढे सरकेना. शेवटी टोइंगवर घातली आणि कोल्हापूरला आणली.

पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून, आवाज ऐकून सांगितलं: इंजिन काम करावं लागेल. बोअर (सिलिंडर आतून पुन्हा कापणं), पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळं धरून 38,000 रुपये. दुसऱ्याने सांगितलं, एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी काढून टाका, भंगारात 25,000 येतील. गाडीची बाजारातली किंमतच पन्नास हजारांच्या आत, त्यामुळे दुसरा सल्ला वरवर पटण्यासारखा होता. पण गाडीच्या पत्र्याला गंज नव्हता, आरसीचं नूतनीकरण 2023 मध्ये 5,000 रुपये फी भरून झालेलं आणि ते 2028 पर्यंत चालणार होतं. (ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला ही फी 10,000 रुपये झाली आहे, म्हणजे आधी केलेलं नूतनीकरण टाकून देणं आणखीच महाग.) दिल्लीसारखी पंधरा वर्षांची बंदी आपल्याकडे नाही. ताईला गाडीची सवय. दाजींनी मला फोन केला, "तू बघतोस का एकदा? मग ठरवू."

ब्रेकचं, क्लच केबलचं, टॅपेट सेटिंगचं (वॉल्व्हच्या फटी जुळवण्याचं) काम मी वर्षानुवर्षं घरी करत आलोय. हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, मात्र तोपर्यंत उतरवलेलं नव्हतं. या लेखात पान्यांपेक्षा निदानावर जास्त लिहिलंय, कारण या प्रकरणाचा निकाल तिथेच लागला.

आधी मोजमाप

"इंजिन गेलं" या एका वाक्यात किमान तीन वेगळे आजार असू शकतात. रिंगा, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट बंद करणाऱ्या कड्या, झिजल्या किंवा मोडल्या असतील. वॉल्व्ह जळला असेल. किंवा हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं हेड गॅस्केट, आपल्याकडच्या भाषेत हेडचं पॅकिंग, फुटलं असेल. तिन्हीत गाडीची ओढ जाते, मिसिंग होतं. खर्च मात्र तिघांचा अगदी वेगळा. आवाज ऐकून हे तीन वेगळे ओळखणारे उस्ताद आहेत, पण माझ्यासारख्याने सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज घ्यावं. 900 रुपयांचं येतं.

पद्धत अशी. बॅटरी पूर्ण चार्ज. तिन्ही प्लग बाहेर. कॉइलची वायर काढून ठेवायची, म्हणजे ठिणगी पडणार नाही. एकाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, नाहीतर हवा पुरेशी आत जात नाही आणि आकडे खोटे येतात. मग एकेका सिलिंडरला गेज लावून सेल मारायचा, काटा वर चढून स्थिर होईपर्यंत. इंजिन गरम असताना ही चाचणी घेणं बरं, पण ज्या इंजिनात पाणी टिकत नाही ते गरम करणं परवडणारं नव्हतं, म्हणून गार इंजिनावर घेतली. आपल्याला सिलिंडरांची आपसातली तुलना हवी होती, त्यामुळे चालून गेलं.

पहिल्या सिलिंडरला 165 पीएसआय (दाबाचं एकक). दुसऱ्याला 90. तिसऱ्याला 95.

शेजारशेजारचे दोन सिलिंडर जवळपास सारखेच खाली आहेत. रिंगा झिजतात त्या तिन्ही सिलिंडरच्या, थोड्याफार फरकाने. वॉल्व्ह जळतो तो बहुधा एखाद्याचा. दोन शेजारी एकदम खाली येतात तेव्हा त्यांच्यामधली भिंत, म्हणजे पॅकिंगची अरुंद पट्टी, गेलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. खात्रीसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा खराब असत्या तर तेलाने फट भरून आकडा चांगलाच वर गेला असता. तो जागचा हलला नाही.

मग रेडिएटरची टोपी काढून, पाणी भरून, गार इंजिन थोडा वेळ चालू केलं. पाण्यात बुडबुडे येत होते आणि रेस दिली की वाढत होते. सिलिंडरमधला दाब पाण्याच्या वाटेत शिरत होता. ऑइलची डिपस्टिक आणि झाकण पाहिलं: तेल काळं, पण दुधाळ नाही. पाणी तेलात मिसळलं असतं तर बेअरिंगांची काळजी करावी लागली असती. तो प्रश्न मिटला.

एवढ्या तासाभराच्या कामाने 38,000 चा अंदाज बाजूला पडला. पहिल्या गॅरेजवाल्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. जुनी गाडी, तापून आलेली, पुन्हा तक्रार नको म्हणून सगळंच खोलायचं, असा विचार बरेच जण करतात. पण मोजल्याशिवाय दिलेल्या अंदाजावर ग्राहकाने एवढे पैसे घालू नयेत.

कुठवर करायचं आणि कुठे थांबायचं

पाना हातात घेण्याआधी दाजींना घेऊन बसलो आणि ठरवलं की काय घरी, काय बाहेर. खोलणं, साफ करणं, मोजणं, परत बसवणं, सेटिंग करणं घरी. हेडचं फेसिंग (यंत्रावर घासून सपाट करणं) आणि वॉल्व्हचं काम कोल्हापुरातल्याच शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये. आणि एक अट: हेड उतरवल्यावर सिलिंडरच्या भिंतीवर खोल ओरखडे दिसले, किंवा ब्लॉकची वरची बाजू वाकलेली निघाली, तर तिथेच थांबायचं. इंजिन खाली उतरवून बोअर करणं हे अंगणातलं काम नव्हे. दाजींनी विचारलं, "मग तेव्हा काय करायचं?" तेव्हा गाडी टोइंगने गॅरेजला, आणि तोवरचा खर्च बुडीत धरायचा. ही अट आधी ठरलेली नसेल तर माणूस अर्ध्या कामात अडकतो आणि "आता एवढं केलंच आहे तर" म्हणत पुढे जात राहतो. बंद पडून अंगणात वर्षभर झाकून ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्यात, त्या बहुतेक अशाच अडकलेल्या असतात.

गाडी निवडायला आपल्या हातात नव्हती, पण ही गाडी अशा कामाला फार सोयीची आहे, हे इथे सांगायला हवं. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली, 1986 मध्ये तिचा आकार बदलला, आणि 2014 च्या सुरुवातीला उत्पादन थांबलं. या सगळ्या काळात इंजिनाचा मूळ आराखडा तोच राहिला: 796 सीसी, तीन सिलिंडर, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड, वर वॉल्व्ह उघडणारा एकच कॅमशाफ्ट. ओम्नीमध्येही हेच इंजिन होतं आणि ती 2019 पर्यंत बनत होती. म्हणून सुटे भाग अजून सहज मिळतात. बॉनेटखाली हात घालायला जागा आहे. अलीकडच्या पुष्कळ इंजिनांमध्ये हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते ताणून, अंशात कोन मोजून आवळावे लागतात. सगळा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, सेन्सर डझनभर. मी 800 वर जे केलं ते तशा गाडीवर करायला धजणार नाही.

खोलताना

बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. इंजिन पूर्ण गार असताना पाणी काढलं, ते चहासारखं तांबूस होतं. पुढच्या सगळ्याचा धागा त्या रंगातच होता, त्याकडे येतोच.

कार्ब्युरेटरच्या भोवती बारीक रबरी पाईपांचं जाळं असतं. प्रत्येक पाईपला आणि तो जिथे लागतो त्या नळीला चिकटपट्टी लावून एकच नंबर लिहिला. मोबाईलवर फोटोही काढले, पण फोटोत पाईप एकमेकांच्या मागे जातात. नंबर कधी फसवत नाही. पेट्रोलचा पाईप काढताना गाडी अंगणात उघड्यावर होती आणि जवळपास विस्तव, विडी-सिगारेट काही नव्हतं. तो पाईप हातात वाकवला तर बारीक चिरा दिसल्या. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इतकं जुनं रबर त्यासाठी बनलेलं नाही. इंधनाचे सगळे रबरी पाईप या निमित्ताने बदलायचे ठरवले.

टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅम यांना जोडणारा पट्टा) काढण्याआधी क्रँक, म्हणजे पिस्टनांना जोडलेला खालचा दांडा, फिरवून पहिला सिलिंडर वर आणला आणि कॅम पुलीची खूण कव्हरच्या खुणेसमोर आणली. प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर कुठल्या कोनात बसलाय त्यावर खिळ्याने बारीक रेघ मारली.

सगळ्यात जास्त वेळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या नटांनी घेतला. पंचवीस वर्षं तापत-गार होत असलेले नट. जोर केला की स्टड मोडतो, आणि मोडलेला स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमधून काढणं हे वेगळंच दुखणं. त्यामुळे गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू दिलं, सकाळी परत टाकलं, मग नट आधी किंचित आवळायच्या बाजूला, मग सोडायच्या बाजूला, परत आवळायच्या बाजूला, असा डोलवत काढला. नट कुरकुरतो तेव्हा थांबायचं, कुरकुर थांबली की पुढचा पाव आटा. काही नट स्टडसकट बाहेर आले, म्हणजे नवे स्टड घालायचे, बाकी काही बिघडत नाही. एकही मोडला नाही.

हेडचे बोल्ट सोडायचा क्रम असतो: कडेचे आधी, मधले शेवटी, प्रत्येक वेळी थोडे थोडे. एकाच बाजूचे पूर्ण सोडले तर हेडवर एकाकडूनच ओढ राहते आणि पातळ हेड वाकू शकतं. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून, भोकं पाडून, प्रत्येक बोल्ट त्याच्या जागेवर खोचून ठेवला.

हेड उचललं आणि पॅकिंग समोर आलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधली पट्टी जळून गेली होती, पत्र्याची कडी उघडी पडली होती, आणि हेडवर तेवढ्याच जागेत काळा पट्टा उमटला होता. तिथून एक बारीक फाटा पाण्याच्या भोकाकडे गेलेला. पिस्टनही बोलत होते: पहिल्याच्या डोक्यावर नेहमीचा काळा कार्बन, दुसरा आणि तिसरा कडेने घासून काढल्यासारखे लख्ख. पाणी सिलिंडरमध्ये शिरून वाफ झालं की ती कार्बन धुऊन काढते. गेजने सांगितलेलं सगळं डोळ्यांनी दिसत होतं. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या (कारखान्यातल्या घासणीच्या) तिरक्या रेघा अजून शाबूत होत्या, नख फिरवलं तर वरच्या टोकाला पायरी लागत नव्हती. 38,000 च्या कामात ही चांगली भिंत पुन्हा कापली गेली असती.

दाजी तिथेच स्टुलावर बसून पाहत होते. म्हणाले, "म्हणजे एवढ्या पट्टीनं गाडी थांबवली?"

"पट्टी शेवटी गेली दाजी. आधी काहीतरी दुसरं गेलंय, ते शोधूया."

फट मोजली

ॲल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या दुपटीने फुगतं. 30 सेंटिमीटर लांबीचं हेड 80 अंशांनी तापलं तर अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त वाढतं, तेवढाच ब्लॉक पाव मिलिमीटर. रोज हे घडतं आणि दोघांच्या मधलं पॅकिंग ते सोसतं. पण कोरडं पडून हेड फार तापलं, किंवा तापलेल्या अवस्थेत एकदम थंड पाणी पडलं, की हेड पुन्हा पहिल्यासारखं सपाट होत नाही.

हेड आणि ब्लॉकवरचं जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या पातीने आणि थिनरने काढलं. ॲल्युमिनियमवर पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश फिरवायचा मोह आवरावा, कारण त्याने खड्डे पडतात आणि निघालेली वाळू इंजिनात जाते. मग स्टील पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही तिरक्या दिशांना धरून खालून फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पाती) सारला. या घराण्याच्या सुझुकी इंजिनांना चालणारी फट 0.05 मिलिमीटर. हेडच्या मध्यावर, दुसऱ्या-तिसऱ्याच्या बरोबर मधे, 0.12 ची पात सरकत होती. ब्लॉकवर 0.04 ची पातसुद्धा कुठेही शिरेना. थांबायची अट लागू झाली नाही, आणि हेड फेसिंगला जाणार हे नक्की झालं.

अनेक जण इथे नवं पॅकिंग टाकून हेड तसंच बसवतात. वाकलेल्या हेडखाली नवं पॅकिंग फार तर काही महिने टिकतं, आणि मग "लोकल पॅकिंग होतं" असं म्हटलं जातं.

उद्यमनगरात जिथे हेड दिलं तिथल्या मिस्त्रींनी हेड हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला: "आधी किती वेळा फेसिंग झालंय?" एकदाही नाही, हे सांगितल्यावर ते तयार झाले. "लागंल तेवढंच काढतो, हौसेनं न्हाई," म्हणाले. त्यांनी 0.15 मिलिमीटर काढलं. हेड पातळ झालं की दहनाची जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन रेशो वाढतो, म्हणून घरी येऊन हिशेब केला. बोअर 68.5 मिलिमीटर, एका सिलिंडरची क्षमता 265 सीसी, मूळ रेशो 8.7, म्हणजे वरची जागा सुमारे 34.5 सीसी. त्यातून फार तर अर्धा सीसी कमी झाला. रेशो 8.8 च्या आसपास गेला. साध्या पेट्रोलवर याने काही फरक पडत नाही. पण हेच हेड दोन-तीनदा सढळ हाताने घासलं तर पडेल. त्याच वेळी वॉल्व्हचं लॅपिंग (वॉल्व्ह घट्ट बसावेत म्हणून घासणं), नवे ऑइल सील आणि नवे स्टडही करून घेतले. हेडमध्ये चीर आहे का, हेही त्यांनी दाबाखाली तपासलं. निघाली नाही.

मूळ दुखणं

हेड उद्यमनगरात असताना दाजींच्या स्वयंपाकघरात एक प्रयोग केला. रेडिएटरचा पंखा थेट बॅटरीवर जोडला तर व्यवस्थित फिरत होता. मग तो चालू करणारा थर्मो स्विच काढून पातेल्यातल्या पाण्यात लटकवला, मल्टिमीटरची टोकं त्याला जोडली, सोबत थर्मामीटर, आणि गॅस पेटवला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. पाणी खळखळून उकळलं तरी स्विच लागला नाही. नवा स्विच आणून त्याच पातेल्यात घातला, तर नव्वदीच्या पुढे गेल्यावर मल्टिमीटर वाजला.

म्हणजे पंखा कित्येक महिने फिरलाच नसणार. गावात, सपाट रस्त्यावर, समोरून येणाऱ्या वाऱ्यावर गाडी भागवत होती. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, मे महिन्याच्या दुपारी, इंजिनाची उष्णता जास्तीत जास्त आणि वारा कमीत कमी. तिथे पंखाच हवा असतो.

आणि ते तांबूस पाणी. गाडीत कूलंट नव्हतंच. पाणी कमी झालं की बोअरवेलचं पाणी टाकायची सवय. बोअरवेलच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसतात, आणि कूलंटमधलं गंजरोधक नसल्यामुळे लोखंडी ब्लॉक आतून गंजतो. रेडिएटर खोलून पाहिला, तर खालच्या बऱ्याच नळ्या पांढऱ्या-तांबड्या खड्याने बुजलेल्या. वॉटर बॉडीचा, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाचा, आतला पंखाही गंजून पातळ झालेला होता.

हे सगळं न पाहता फक्त पॅकिंग बदललं असतं तर पुढच्या घाटात तेच झालं असतं. माझ्या मते घरी काम करण्याचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. गॅरेजमध्ये मागे दुसरी गाडी उभी असते, स्विच पातेल्यात उकळून बघायला कुणाला सवड नसते. आपल्याला असते.

परत बसवताना

ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट ते दाबतो, आवळण्याचा आकडा खोटा येतो आणि ब्लॉकला चीरही जाऊ शकते. म्हणून प्रत्येक भोक कापडाने आणि हवेने कोरडं केलं. पॅकिंग कोरडंच बसवलं, सिलिकॉन न लावता.

हेडचे बोल्ट मधून कडेकडे, मॅन्युअलमधल्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळले: आधी 20 न्यूटन-मीटर, मग 40, शेवटी 57. मॅन्युअलमध्ये मर्यादा 55 ते 60 ची आहे. ही मर्यादा किती अरुंद आहे ते लक्षात घ्या. पाव मीटर दांड्याच्या पान्यावर 57 म्हणजे टोकाला सुमारे 23 किलोची ओढ. तीस वर्षं हेच करणाऱ्या मिस्त्रीच्या दंडाला ती ओढ पाठ असते. माझ्या दंडाला नाही, दाजींच्याही नाही. म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना. या एका हत्याराशिवाय हेडचं काम घरी करू नये, असं माझं ठाम मत आहे.

नवा टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर बसवल्यावर सेल न मारता क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, त्यामुळे दोन फेऱ्यांनंतर सगळ्या खुणा पुन्हा समोरासमोर यायला हव्यात. आल्या. मग टॅपेट, डिस्ट्रिब्युटर त्याच्या रेघेवर, प्लगच्या तारा 1-3-2 या क्रमाने.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. टोपी उघडी ठेवून, हीटर गरमवर ठेवून इंजिन चालू केलं, कारण आत अडकलेली हवा बाहेर पडायला वाट हवी. बुडबुडे हळूहळू थांबले, पातळी खाली गेली, तेवढं कूलंट भरलं. मग दाजी आणि मी नुसते काट्याकडे बघत उभे. काटा मध्याच्या थोडा वर गेला आणि पंखा लागला. थोड्या वेळाने बंद झाला, परत लागला. दाजींनी हा आवाज किती दिवसांत ऐकला नव्हता, ते त्यांनाही सांगता येईना.

पुन्हा कॉम्प्रेशन मोजलं: 170, 168, 172.

काढलेलं ऑइल डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याला दिलं. कूलंट गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात, म्हणून भरताना सांडलेलं लगेच पाण्याने धुऊन काढलं आणि डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा वर ठेवला.

पैशांचा हिशेब

पॅकिंगचा पूर्ण वरचा सेट 1,150. फेसिंग, लॅपिंग आणि ऑइल सील 1,900. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर 1,300. वॉटर बॉडी 1,250. थर्मो स्विच आणि थर्मोस्टॅट 700. रेडिएटर खोलून साफ करणं 900. सगळे पाईप आणि क्लिपा 850. ऑइल, फिल्टर, कूलंट, डिस्टिल्ड वॉटर 2,100. स्टड आणि किरकोळ 350. एकूण 10,500.

हत्यारं वेगळी: टॉर्क रेंच 2,800, कॉम्प्रेशन गेज 900, फीलर गेज आणि चांगली स्टील पट्टी 800. म्हणजे 4,500. दोन्ही मिळून 15,000.

आता 38,000 वजा 15,000 अशी वजाबाकी करून 23,000 वाचले म्हणणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. काम झाल्यावर मी एका तिसऱ्या गॅरेजमध्ये सहज विचारलं: फक्त हेडचं काम, फेसिंग, टायमिंग बेल्ट, वॉटर बॉडी असं सगळं धरून किती? उत्तर आलं 16,000. म्हणजे खोलण्या-बसवण्याच्या मेहनतीचे वाचलेले पैसे साडेपाच हजार, आणि त्यातले साडेचार हत्यारांत गेले. पहिल्या कामात हात काळे करून जवळपास काहीच वाचत नाही. जे वाचलं ते 900 रुपयांच्या गेजने वाचवलं, आणि तेवढं कुणीही करू शकतं. ज्याला हेड उतरवायचं नाही त्याने नक्की उतरवू नये. पण गाडी गॅरेजला नेण्याआधी कॉम्प्रेशनचे तीन आकडे कागदावर लिहून न्यावेत, आणि काय काम काढणार हे त्या आकड्यांवर बोट ठेवून विचारावं.

गाडी आता ताई रोज चालवते. सुरुवातीचे काही आठवडे दर रविवारी गार इंजिनावर कूलंटची पातळी पाहिली, ती हलली नाही. टॅपेट एकदा पुन्हा सेट केले, कारण नवं पॅकिंग बसताना थोडं दबतं आणि फटी बदलतात. रेडिएटर साफ झालाय, तरी खालच्या काही नळ्या उघडल्याच नाहीत, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्याआधी नवा टाकायचा आहे. ते काम घरी होईल. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून तेलाचा थेंब पडतो, तो क्रँकच्या मागच्या सीलचा. त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, अंगणात तशी सोय नाही. ते काम, क्लच प्लेटसकट, गॅरेजला द्यायचं ठरलंय, आणि दाजींनी त्याचा अंदाज या वेळी तीन ठिकाणांहून लेखी घेतलाय.